एका विषारी वायूचं औषध होताना

जेम्स वॅट आपल्याला भेटतो तो शाळेच्या पुस्तकात, किटलीच्या उडणाऱ्या झाकणाकडे टक लावून बघणाऱ्या मुलाच्या रूपात. त्याच वॅटला जेसी नावाची एक मुलगी होती. १७९४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ती क्षयानं गेली. तिच्या आजारपणात ज्यांचा सल्ला घेतला गेला त्यांत थॉमस बेडोज नावाचा एक डॉक्टर होता. निरनिराळे वायू हुंगवून फुप्फुसाचे रोग बरे करता येतील, अशी या बेडोजची ठाम समजूत होती. मुलगी गेल्यावर वॅटनं काय केलं, तर इंजिनिअरनं जे करावं तेच. त्यानं वायू तयार करायचं, गाळायचं आणि रोग्याला द्यायचं उपकरण बनवलं. बेडोजबरोबर त्यानं या विषयावर ग्रंथही काढला. १७९९ मध्ये ब्रिस्टलला बेडोजची 'न्यूमॅटिक इन्स्टिट्यूशन' उघडली, तेव्हा तिथली यंत्रं वॅटच्या आराखड्यांवरून बनली होती.

संस्थेतून क्षय बरा झाला नाही. तिथं कामाला आलेला हंफ्री डेव्ही नावाचा विशीतला पोरगा मात्र हाताला लागेल तो वायू स्वतः ओढून बघत होता. नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लाफिंग गॅस, त्याला फारच मानवला. मग १८०० साली त्यानं त्याचा चुलतभाऊ, नायट्रिक ऑक्साइड, ओढायचा प्रयत्न केला. या वायूचं ऑक्सिजनशी वाकडं आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून आधी लाफिंग गॅस ओढून त्यानं फुप्फुसातली हवा काढून टाकली. तरी तोंडात थोडी हवा उरलीच. तिच्याशी संयोग होऊन घशात आम्ल तयार झालं, जीभ आणि टाळू भाजले, आणि घसा आपोआप आवळला गेला म्हणूनच तो वाचला. असा अविचार पुन्हा करणार नाही, असं त्यानं लिहून ठेवलं.

आज गंभीर आजारी नवजात बाळांना व्हेंटिलेटरच्या नळीतून जो वायू देतात, तो हाच.

डेव्हीच्या घशात जे घडलं ते जोसेफ प्रीस्टलीनं १७७२ मध्येच काचेच्या भांड्यात पाहिलं होतं. नायट्रिक ऑक्साइडला रंग नाही. तो हवेत मिसळला की लालसर तपकिरी धूर होतो. तो धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. तो पाण्यात विरघळतो आणि भांड्यातलं आकारमान घटतं. हवा जितकी 'चांगली' तितकी घट जास्त. प्रीस्टलीनं यावरून हवेची प्रत मोजायची युक्ती काढली, नाहीतर त्या काळी हवेत उंदीर ठेवून तो किती वेळ जगतो ते बघत. पुढे त्याला एक नवाच वायू सापडला, त्यावरही त्यानं हीच परीक्षा केली आणि ही हवा साध्या हवेपेक्षा फारच सरस निघाली म्हणून तो चक्रावला. तो नवा वायू म्हणजे ऑक्सिजन. म्हणजे श्वासाला चांगली हवा कोणती हे ठरवायचं पहिलं माप हा वायू होता; त्याचं औषध होईल असं कुणाच्या मनातही नव्हतं.

मनात येण्यासारखं काही नव्हतंच. विसाव्या शतकात या वायूची ओळख गाड्यांच्या धुरातलं आणि सिगारेटमधलं विष अशी झाली. १९६७ साली भूलशास्त्राच्या एका ब्रिटिश नियतकालिकात ब्रिस्टलच्याच एका प्राध्यापकानं दोन रुग्णांची हकिकत छापली. लाफिंग गॅसच्या सिलिंडरमध्ये नायट्रोजनचे हे दुसरे ऑक्साइड शिरले होते आणि भूल देताना दोघांना विषबाधा झाली होती. अमेरिकेत कारखान्यातल्या कामगारांसाठी या वायूची मर्यादा ठरली, आठ तासांच्या पाळीत सरासरी २५ पीपीएम. दहा लाख भाग हवेत पंचवीस भाग. हा आकडा लक्षात ठेवायला हवा.

मग १९८० च्या दशकात चित्र पालटलं. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महारोहिणीच्या तुकड्यांवर काम करत होता. त्याच्या तंत्रज्ञानं प्रयोगातल्या पायऱ्यांचा क्रम चुकवला आणि जी रक्तवाहिनी आकसायला हवी होती ती सैलावली. त्या चुकीचा माग काढता काढता रक्तवाहिनीचं आतलं अस्तर स्वतःच काहीतरी सोडतं आणि वाहिनी सैल करतं, हे कळलं. ते 'काहीतरी' काय, यावर सहा-सात वर्षं गेली. १९८७ मध्ये उत्तर पक्कं झालं: नायट्रिक ऑक्साइड. जे आपण धुराड्यातून सोडतो तेच आपलं शरीर क्षणाक्षणाला बनवतं. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना मिळालं. १९८७ चा निर्णायक पुरावा देणाऱ्यांतला साल्वादोर मोंकादा त्यातून का वगळला गेला यावर लोक अजून वाद घालतात, आणि माझ्या मते मोंकादाची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं रास्त आहे.

आता गोष्ट बॉस्टनला जाते. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये वॉरन झापोल नावाचा भूलतज्ज्ञ होता. पाण्याखाली तासभर राहू शकणारे सील जगतात कसे, हे बघायला अंटार्क्टिकाला वाऱ्या करणारा माणूस. त्याआधी त्यानं एक्मोच्या पहिल्या मोठ्या चाचणीचं नेतृत्व केलं होतं. एक्मो म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून, यंत्रात त्याला ऑक्सिजन देऊन, पुन्हा आत सोडायचं. नऊ रुग्णालयं, फुप्फुसं निकामी झालेले ९० प्रौढ रुग्ण. १९७९ मध्ये निकाल छापला गेला: एक्मो मिळालेल्यांत चार वाचले, न मिळालेल्यांतही चारच. ज्याला हा निकाल स्वतःच्या नावानं छापावा लागला, त्याला 'ऑक्सिजन वाढवणं' आणि 'माणूस वाचवणं' या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

या रुग्णांत झापोलला आणखी एक गोष्ट दिसली होती. त्यांच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांमधला दाब चढलेला असायचा आणि हृदयाचा उजवा भाग त्यानं दमून जायचा. तो दाब उतरवायला शिरेतून औषधं द्यावीत तर ती सगळ्या शरीरभर फिरतात आणि रक्तदाबच कोसळवतात. शिवाय एक सूक्ष्म तोटा असतो. १९४६ मध्ये फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी मांजरांवर दाखवलं होतं की फुप्फुसाच्या ज्या भागात ऑक्सिजन कमी, तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आकसतात. रक्ताला जणू 'इकडे येऊन उपयोग नाही, पलीकडे जा' असं सांगतात. शिरेतलं औषध ही शहाणी व्यवस्थाच मोडतं. बंद पडलेल्या भागातल्या वाहिन्याही ते उघडतं आणि रक्त ऑक्सिजन न घेताच परत फिरतं.

वायू हुंगवला तर? तो जिथं हवा पोचते तिथंच पोचेल. म्हणजे फक्त चालू असलेल्या वायुकोशांभोवतीच्या वाहिन्या सैलावतील आणि रक्त त्यांच्याकडे वळेल. आणि रक्तात शिरताच हिमोग्लोबिन त्याला पकडून निष्प्रभ करेल, म्हणजे बाकी शरीराला पत्ताही लागणार नाही. कल्पना इतकी नेटकी आहे की मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा हसूच आलं. पत्ता वेगळा लिहावा लागत नाही, वाटच पत्ता ठरवते.

१९९१ मध्ये झापोल, स्वीडनहून आलेला क्लेस फ्रॉस्टेल आणि सहकाऱ्यांनी कोकरांवर हे सिद्ध केलं. औषधानं आकसवलेल्या फुप्फुसवाहिन्या ५ ते ८० पीपीएम वायूनं काही मिनिटांत सैलावल्या, अंगाचा रक्तदाब जागचा हलला नाही, आणि वायू बंद करताच दाब पुन्हा चढला.

पुढची पायरी बाळांची होती, आणि का ते समजून घेण्यासारखं आहे. गर्भात फुप्फुसांत पाणी असतं आणि हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जेमतेम दहावा हिस्सा तिकडे जातो. उरलेलं दोन आडवाटांनी परस्पर निघून जातं. जन्मल्यावर पहिल्या श्वासांनी वाहिन्या उघडतात आणि आडवाटा मिटतात. काही बाळांत वाहिन्या उघडतच नाहीत. फुप्फुसात हवा शिरते, पण रक्त जुन्या आडवाटेनंच जातं आणि बाळ निळंच राहतं. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये 'लॅन्सेट'च्या एकाच अंकात, लागोपाठच्या पानांवर, बॉस्टन आणि डेन्व्हर इथल्या दोन गटांनी अशा मूठभर बाळांना हा वायू दिल्याचं छापलं. निळी बाळं गुलाबी होत होती.

गुलाबी होणं हा पुरावा नव्हे, म्हणून खरी चाचणी लागली. १९९७ मध्ये तिचा निकाल आला. २३५ बाळं, चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटलेली. मृत्यू किंवा एक्मो, यांपैकी एक गोष्ट घडणं हे मोजमाप होतं. वायू न मिळालेल्यांत ते ६४ टक्के होतं, मिळालेल्यांत ४६ टक्के. नुसते मृत्यू बघितले तर १७ आणि १४, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. सगळा फायदा एक्मो टळण्यात होता: ५४ ऐवजी ३९ टक्के. कुणी म्हणेल, मग काय मोठंसं झालं? पण नवजात बाळाच्या एक्मोसाठी तेव्हा मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या कापून त्यात नळ्या घालाव्या लागत, रक्त पातळ ठेवावं लागे आणि मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती कायम असे. ते टळणं हा आकड्यांचा खेळ नव्हता.

डिसेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. मात्रा २० पीपीएम. कारखान्यातल्या कामगाराला ज्या हवेत पूर्ण पाळी उभं राहायची परवानगी आहे, तिच्यापेक्षाही कमी. आणि त्याच क्षणी तो वायू महाग झाला. पेटंट वापराच्या पद्धतीवर होतं, रोग विरळा म्हणून बाजाराचं संरक्षण होतं, आणि दर लागला ताशी १२५ डॉलर, एका रुग्णामागे कमाल १२,००० डॉलर. मंजुरीपूर्वी रुग्णालयं तोच वायू संशोधनासाठी किरकोळ किमतीत वापरत होती. २०१५ मध्ये हा व्यवसाय करणारी कंपनी सुमारे २३० कोटी डॉलरना विकली गेली. वायू अर्थात फुकटात मिळत नाही हेही खरं. नळीत मिसळणारं यंत्र, सतत मोजणी आणि माणसं यांचा खर्च आहेच. कारण प्रीस्टलीचा तो लाल धूर नळीतही तयार होतोच. त्याचा वेग वायूच्या प्रमाणाच्या वर्गावर चालतो. प्रमाण चौपट केलं तर धूर सोळा पट वेगानं होतो. म्हणून वायू नायट्रोजनमध्ये मिसळून वेगळ्या सिलिंडरमध्ये ठेवतात आणि शक्य तितका रुग्णाजवळ आणून ऑक्सिजनमध्ये सोडतात.

पैसे नसलेल्यांनी काय करावं? कोलंबियातल्या बरांकिया शहरात ना हा वायू होता ना एक्मो. तिथल्या डॉक्टरांनी १३ बाळांवर एक छोटी चाचणी केली आणि ती २००६ मध्ये छापली. सिल्डेनाफिल, म्हणजे जगाला व्हायग्रा म्हणून माहीत असलेलं औषध, नायट्रिक ऑक्साइडच्याच साखळीतल्या पुढच्या कडीवर काम करतं. ते नळीनं पोटात दिलेल्या सात बाळांपैकी सहा जगली, न दिलेल्या सहांपैकी एक. तेरा बाळांवरून फार काही ठरवू नये हे मान्य, तरी भारतासह अनेक देशांत वायू परवडत नाही तिथं आज हेच औषध वापरलं जातं. झापोलनंही उतारवयात किमतीच्या मुळाशीच हात घातला. साध्या हवेत विजेची ठिणगी पाडली की नायट्रिक ऑक्साइड बनतो, आकाशातली वीजही तेच करते. २०१५ मध्ये त्याच्या गटानं ठिणगीवर चालणारं छोटं यंत्र कोकरांवर वापरून दाखवलं. म्हणजे सिलिंडरच नको. २०२१ च्या डिसेंबरात तो वारला. पुढच्याच वर्षी हवेतून वायू बनवणाऱ्या एका यंत्राला अमेरिकेत मंजुरी मिळाली.

इथवरची गोष्ट यशाची आहे, आणि बहुतेक लेख इथंच थांबतात. पण अतिदक्षता विभागात श्वास निकामी होऊन येणारं मूल बहुतेकदा नवजात नसतं. न्यूमोनिया, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, पाण्यात बुडणं, यांनी दोन वर्षांच्या किंवा दहा वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसांत पाणी आणि सूज भरते. १९६७ मध्ये अशा १२ रुग्णांचं वर्णन पहिल्यांदा छापलं गेलं, त्यांतला सर्वांत लहान ११ वर्षांचा होता. पुढे याला एआरडीएस नाव पडलं. १९९३ मध्ये बर्लिनच्या गटानं काही प्रौढांना वायू देऊन ऑक्सिजन वाढल्याचं दाखवलं, आणि जगभर अशा रुग्णांना वायू लागू लागला. मुलांनाही.

ऑक्सिजन खरोखरच वाढत होता. १९९९ मध्ये छापलेल्या चाचणीत १०८ मुलं होती. निम्म्यांना १० पीपीएम वायू, उरलेल्यांना नुसता आभास. चौथ्या तासाला फरक स्पष्ट, बाराव्या तासालाही. चोविसाव्या तासाला दोन्ही गट सारखेच. मोठ्यांच्या चाचण्यांतही हेच घडलं: २००४ च्या ३८५ रुग्णांच्या चाचणीत ऑक्सिजन थोडा वेळ वाढला, मृत्यू तेवढेच राहिले. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात मुलं-मोठी मिळून १४ चाचण्या आणि १,२७५ रुग्ण एकत्र केले. मृत्यूत फरक नाही, आणि मूत्रपिंडांना इजा होण्याचं प्रमाण मात्र वायू मिळालेल्यांत जास्त.

का? नवजात बाळात आकसलेली रक्तवाहिनी हाच आजार होता. वायू बरोबर त्याच कुलपाची किल्ली होता. एआरडीएसमध्ये आकसणं हा आजाराचा एक परिणाम आहे. वायू रक्ताला उरलेल्या चांगल्या वायुकोशांकडे वळवतो, सुजेला हातही लावत नाही. आणि असे रुग्ण बहुतेक वेळा ऑक्सिजन कमी पडून मरत नाहीत, ते एकामागून एक अवयव थांबून मरतात.

याची उलट बाजू मला अधिक हादरवून गेली. २००० मध्ये अमेरिकेत ८६१ प्रौढ एआरडीएस रुग्णांची चाचणी छापली गेली. औषध कुठलंच नव्हतं. व्हेंटिलेटरनं प्रत्येक श्वासात हवा कमी ढकलायची, एवढंच: वजनाच्या किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलीटर. मृत्यू जवळपास ४० टक्क्यांवरून ३१ वर आले. आणि पहिल्या दिवसांत याच गटाचा ऑक्सिजन कमी होता! म्हणजे पडद्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी हा उपचार बंद केला असता. फुकटचा उपचार आकडा पाडून माणसं वाचवत होता, महागडा वायू आकडा वाढवून वाचवत नव्हता. आमच्या धंद्यात सर्व्हरचा आलेख हिरवा आणि ग्राहकाचे पैसे मात्र अडकलेले, असं आठवड्यातून एकदा तरी होतं. पण तिथं पैसे परत करता येतात.

यात डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे आणि मला ते पटत नाही. रात्री तीन वाजता ऑक्सिजन ७० वर घसरलेलं मूल समोर असताना चौथ्या तासाचा फरक क्षुल्लक नसतो. तेवढ्या वेळात एक्मोची टोळी पोचू शकते, मुलाला दुसऱ्या रुग्णालयात हलवता येतं. २०१५ मध्ये नऊ केंद्रांतल्या ५५ मुलांची एक चाचणी आली: ५ पीपीएम वायू मिळालेल्यांत ९२ टक्के मुलं एक्मोशिवाय जगली, न मिळालेल्यांत ५२ टक्के. नुसतं जगणं बघितलं तर ९२ आणि ७२, पण इतक्या कमी मुलांत हा फरक योगायोगाचाही असू शकतो. चाचणी छोटी आहे, इतकी छोटी की तिच्या जोरावर 'द्या' म्हणता येत नाही, आणि तिच्याकडे काणाडोळा करून 'देऊ नका' म्हणणंही जड जातं. मोठी चाचणी व्हायला हवी होती. पण वायू तोपर्यंत खाटेशेजारी रुळला होता, आणि जे हाताशी आहे ते अर्ध्या मुलांना चिठ्ठी टाकून नाकारायला ना डॉक्टर सहज तयार होतात ना आईबाप.

त्याच वर्षी बालरोग अतिदक्षता तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं लिहिलं की एआरडीएस झालेल्या मुलांना हा वायू सरसकट देऊ नये. फुप्फुसातला रक्तदाब खरोखर चढलेला असेल किंवा हृदयाची उजवी बाजू कोलमडत असेल तर विचार करावा. २०२३ च्या सुधारित सूचनांतही ते बदललं नाही.

आणि सुरू केलाच, तर काही तासांत फरक पडतो का हे बघायचं. नाही पडला तर बंद करायचा, पण तोही एकदम नाही. बाहेरून मिळतोय म्हणून शरीरानं स्वतःचा नायट्रिक ऑक्साइड बनवणं कमी केलेलं असतं. नळी अचानक मिटली तर वाहिन्या आधीपेक्षा जोरानं आकसतात, ज्यांना वायूचा काही उपयोग झाला नव्हता अशा मुलांतही. म्हणून २० वरून १०, मग ५, मग एकेक करत खाली. शेवटच्या १ पीपीएमपाशी बराच वेळ थांबतात.